राखीव गोलकीपरचं गाऱ्हाणं

आमचा रितेश अकरा वर्षं देशपातळीवर फुटबॉल खेळला, असं गावात सांगतात. मी त्याची सख्खी आजी, म्हणून खरं सांगायला माझी हरकत नाही. अकराव्या शिमग्यापर्यंत तो चौदा मिनिटं खेळला होता. बाकीचा वेळ बसून होता.

बसून म्हणजे रिकामा नव्हे. राखीव गोलकीपर म्हणून बसून होता. असंही काम असतं हे मला पटायलाच दोन वर्षं गेली. मैदानातले बाकीचे दहा जण दमतात, लंगडतात, रुसतात. मग कोच त्यांच्या जागी बाहेरचा एकेक आत पाठवतो. गोलकीपर दमत नाही, कारण तो धावत नाही. त्याला सहसा कुणी बदलत नाही. राखीवाची पाळी यायची तर पहिल्याचा हात तरी मोडला पाहिजे, नाहीतर त्यानं कुणाला तरी आडवं करून लाल कार्ड तरी घेतलं पाहिजे. तोवर राखीवानं काय करायचं? रोज सकाळी पहिल्याइतकंच झेपावायचं, सामन्याआधी त्याच्यावर बॉल मारून त्याचं अंग मोकळं करून द्यायचं, आणि मग सावलीत जाऊन बसायचं. वरातीत दुसरा नवरा नटवून न्यावा, पहिला घोड्यावरून पडलाच तर असू दे म्हणून, तशातली गत.

पोरगा मुळात क्रिकेटवाल्यांत वाढलेला. आमची वाडी मिरजोळ्याच्या पलीकडं सड्यावर. सडा म्हणजे नुसता उघडा जांभा दगड, गवतसुद्धा पावसाळ्यापुरतं पाहुणं. तेराव्या वर्षी रितेश पोफळीसारखा वाढला आणि तेवढाच सरळ राहिला. ना बॉल टाकता येई, ना बॅट फिरवता येई. शाळेतल्या पीटीच्या मास्तरांनी उंची बघून त्याला फुटबॉलच्या गोलात उभा केला. घरी येऊन सड्यावर दोन चिरे मांडून सराव करायचा. आता जांभ्यावर झेप घेणारा माणूस एकदाच झेप घेतो. दुसऱ्यांदा तो विचार करतो. रितेशनं इतका विचार केला, की बॉल कुठं येणार ते आधीच ताडून तो तिथं जाऊन उभा राहायला शिकला. पुढं मुंबईला चुलत्याकडं राहून एका कंपनीच्या संघात खेळायचा, तिथला कोच म्हणे, ‘या मुलाला जागेची उपजत जाण आहे.’ उपजत कसली! गुडघे सोलून घेतलेली जाण ती. हळद मी लावलेली आहे.

बाविसाव्या वर्षी त्याला राष्ट्रीय लीगमधल्या एका क्लबानं उचललं. वाडीत पेढे वाटले. पेढे खाऊन झाल्यावर मी विचारलं, “लीग म्हणजे काय रे?” तर रितेशनं अंगणात खडूनं रेघा मारून मला समजावलं. तो दमला, मी नाही. आमच्या देवीच्या पालखीचे मान ज्याला पाठ आहेत, त्याला जगातली कुठलीच लीग जड नाही.

तर गोष्ट अशी. रितेश चार वर्षांचा होता, चड्डीची नाडी बांधून घ्यायला माझ्याकडं यायचा, तेव्हा शहाण्णव साली देशातली पहिली राष्ट्रीय लीग सुरू झाली. दोन हजार सातला तिचं पुन्हा बारसं करून आय-लीग नाव ठेवलं. दोन हजार चौदाला, रितेश नुकताच लागला होता तेव्हा, शेजारी दुसरीच लीग उभी राहिली. आठ शहरांचे आठ संघ, मालकांत नट आणि क्रिकेटवाले, दिवे काय, ढोल काय. त्या आठांना खाली पडायची भीतीच नाही. शेवटून पहिले आले तरी पुढल्या वर्षी पुन्हा तिथंच. काही वर्षं एका घरात दोन चुली पेटल्या, आणि मग दोन हजार एकोणीसला ठरलं, की नवी ती थोरली आणि जुनी ती धाकटी. रितेशचा क्लब जुनीतला. एकही सामना न हरता बिचारे एका कागदासरशी एक पायरी खाली आले.

रितेशला त्याचा राग आला होता. म्हणाला, “आजी, हे बरोबर नाय. जो जिंकेल तो वर पायजे.”

मी म्हटलं, “बाबू, पालखी पहिली कुणाच्या अंगणात जाते?”

“मानकऱ्यांच्या.”

“त्यांच्या खांद्यात जोर हाय म्हणून?”

“त्यांच्या मोठ्याला तर पालखीखाली उभं पण राहता येत नाय. तोल जातो.”

“मग झालं.”

दोन हजार तेवीसपासून शिडी लावली. धाकटीत पहिला येईल तो थोरलीत जाणार. वर जायला शिडी. पण थोरलीतून कुणी खाली यायचं तर तीच शिडी सापडेना. धाकटीतल्या शेवटच्या दोघांना मात्र आणखी खाली लोटायची सोय होतीच. शिवाय थोरलीत सगळ्यांशी दोनदोनदा खेळून, एकदा आपल्या अंगणात, एकदा त्यांच्या, जो पहिला येतो त्याला ढाल देतात. आणि मग वरच्या सहांना पुन्हा आपसात खेळवतात, त्यातून जिंकेल त्याला कप. म्हणजे वर्षभर अभ्यास करून पहिला आलास, शाब्बास; आता चिठ्ठ्या टाकू या. अलीकडं तर करारमदार संपले म्हणून थोरलीचा हंगामच वेळेवर सुरू होईना, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. मला काही नवल वाटलं नाही. मान आला की मागून वकील येतोच.

या सगळ्या उलथापालथीत रितेशनं तीन क्लब बदलले. एक बंद पडला, एकानं गाव बदललं, तिसऱ्यात तो टिकला. पण बूड मात्र कुठंही गेला तरी त्याच राखीवांच्या बाकड्यावर. ती चौदा मिनिटं कशी मिळाली तेही सांगते. दुसऱ्या क्लबात पहिल्या गोलकीपरनं समोरच्याला आडवा केला, लाल कार्ड मिळालं, आमच्या साहेबांना आत धाडलं. आत गेल्या गेल्या पेनल्टी. बॉल उजवीकडून गेला, हे डावीकडं. उरलेली तेरा मिनिटं बॉल त्याच्याकडं फिरकलाच नाही.

त्याची बायको मनस्वी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, बोलायला तिखट. पोरांना म्हणे फॉर्मात वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. तिनं धाकट्याला सांगितलं, “लिही, बैठं काम.”

रितेश हसला, पण त्या दिवशी जेवला कमी. पानावरून उठताना माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “आजी, मला कप नको, ढाल नको. एक सामना पायजे. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. मग मी आपणहून सोडतो.”

तेहेतीस वर्षांचा झाला होता. क्लबानं कळवलंच होतं, की हा शेवटचा हंगाम. आणि हंगामाचे दोनच सामने उरले होते.

त्या दोन सामन्यांच्या आधी शिमगा आला. मुंबईचे आले, पुण्याचे आले, तसा हाही दोन दिवसांची रजा काढून आला. याला पालखीला खांदा देऊ देतात, पण कुरकुरत. हा एका बाजूला उभा राहिला, की पालखी दुसऱ्या बाजूला उताराला लागते आणि देवी समोरच्याच्या कानावर टेकते.

पालखी घरोघर फिरत होती. आमच्या शेजारच्या अंगणात आली, नारळ ठेवला, आणि रामा गुरवानं गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवीकडं सगळ्यांदेखत केलेली मागणी. गुरव एकेक वाक्य म्हणणार आणि जमलेली वाडी ‘व्हय महाराजा’ म्हणून त्यावर शिक्का मारणार. रितेश पडवीत बसून ऐकत होता. एकदम ताठ झाला.

“आजी, रामाकाका काय बोलला आता? त्या मुंबईवाल्यासाठी?”

“दरवर्षी बोलतो तेच. परमुलखात पोटापाण्याला गेलाय, त्याला राख, त्याच्या साथीसोबत्यांना राख, कुणाचं नख दुखू देऊ नको.”

“माझ्या नावानं पण हेच घालता?”

“नायतर काय! अकरा वर्षं. नारळ घरचा.”

“साथीसोबत्यांसकट?”

“साथीसोबत्यांसकट.”

पोरगा कपाळाला हात लावून हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले. “म्हणून! आजी, पाच गोलकीपर झाले माझ्या पुढं. एकाला साधी सर्दी झाली नाय! आताचा सोमा तर पाच वर्षं रोज बर्फाच्या पाण्यानं आंघोळ करतो, त्याला शिंकसुद्धा येत नाय. मला वाटायचं, त्यांच्याकडचं खाणं चांगलं असेल. तर हे तुम्ही!”

हा सोमा मिझोरामचा. पूर्ण नाव लालमाल्सोमा, पण मला शेवटचंच येतं, आणि सोमा म्हटलं की तो आपल्यातलाच वाटतो.

ते साथीसोबतीचं वाक्य काही कुणी मुद्दाम रचलेलं नव्हतं. एका खोलीत दहादहा जण राहून गिरणीत जायचे, त्या काळातलं ते. एकाला ताप आला की दहाही आडवे. तेव्हा सोबती धड असणं म्हणजे आपला पोरगा धड असणं. आता कुणाला ठाऊक, की असाही एक धंदा निघेल, ज्यात सोबत्याची तब्येत आपल्या पोराच्या मुळावर येईल!

आमच्याकडं पालखी दुसऱ्या दिवशी यायची होती. मी सकाळीच रामाकडं गेले. तो ढोलाच्या दोऱ्या ताणत होता.

“रामा, ते साथीसोबती यंदा गाळ.”

“का गो काकी? भांडण झाला काय?”

मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. त्यानं दोरी खाली ठेवली.

“म्हणजे त्या परक्या पोराचा हात मोडूदे, असा सांगू देवीला?”

“मोडूदे कशाला? नुसता गाळ. पुढचं ती बघेल.”

“गाळला म्हणजे मागितल्यातच जमा. देवी एक वेळ गप बसेल, वाडी बसेल काय? इचारतील, रामा, एक वाक्य खाल्लास कुठं?” मग ढोल बाजूला सारून म्हणाला, “त्याला आवस असेल ना, काकी?”

“आई असेल की. मिझोरामात.”

“मग ती पण तिकडं कुणाला तरी कायतरी सांगतच असेल की. दोघींचा आइकून देवांनी करायचा काय?”

मेला आठवी नापास, पण कधीकधी बोलतो बरोबर. मी घरी आले. रितेशला सगळं सांगितलं तर तो माझ्यावरच भडकला.

“आजी, तू खरंच गेलीस? मी गंमत केली! सोमा माझा मित्र हाय. त्याचा हात मोडून मला सामना नको.”

“मग दुखणार नाय पण बसावं लागेल, असं कायतरी असेल की नाय तुमच्यात? एवढे नियम केलेत मेल्यांनी.”

मनस्वी आतून भाकरी थापता थापता म्हणाली, “सांग की. पिवळ्या कार्डाचं सांग.”

तर पिवळं कार्ड म्हणजे ताकीद. चार ताकिदी साठल्या, की एक सामना बाहेर. सोमाची तीन झाली होती.

“कशाबद्दल देतात?” मी विचारलं.

“त्याला तिन्ही वेळ काढल्याबद्दल मिळाली. जिंकत असलो की बॉल मारायला उशीर करतो.”

“म्हणजे रेंगाळण्याबद्दल?”

“हां.”

“मग एवढंच ना! कुणाचं हाड नाय, रक्त नाय. जरा रेंगाळू दे, असं मागायला देवीचं काय जातंय?”

रितेशनं पुष्कळ नको नको केलं. पण पालखी अंगणात आली, नारळ ठेवला गेला, मी रामाच्या कानाशी लागले, आणि रामानं डोळे मिटले.

“हे आई नवलाय! आज कळंबट्यांच्या घरान तुझी ओटी भरलान, नारळ ठेवलान, तो मान्य करून घे!”

“व्हय महाराजा!”

“त्यांचा रितेश परमुलखात पोटापाण्याला हाय, त्याला राख, त्याच्या साथीसोबत्यांना राख, कुणाचं नख दुखू देऊ नको!”

“व्हय महाराजा!”

“आणि त्याचा जो सोबती हाय सोमा, मिझोरामचा, त्याला एक पिवळं कार्ड मिळूदे!”

वाडीनं क्षणभर दम घेतला. आणि मग पहिल्या दोन्हींपेक्षा मोठ्यानं ओरडली, “व्हय महाराजा!”

रितेश त्या वेळी तोंड झाकून तुळशीमागं उभा होता. मागून चिमाबाई मला म्हणाली, “बरं केलंस हो. परक्या मुलखातल्या पोराला रेशनचं मागितलंस. आमच्याला तीन वर्षं केशरीच हाय.”

तिला मी काही सांगितलं नाही. कुणाचा चांगुलपणा कशाला मोडा.

रितेश परत गेला. शेवटून दुसरा सामना दुपारचा होता. मनस्वीनं मोबाइल खुंटीला टेकवला आणि आम्ही तिघं, मी, ती आणि रितेशचा बाप निलेश, बघायला बसलो. निलेश एमआयडीसीतून अर्धी रजा घेऊन आला होता. आमचा संघ एकानं पुढं. वर चढायला गुण कमी आणि खाली पडायला जास्त, असा मधोमध लटकलेला क्लब, त्यामुळं कुणाला घाई नव्हती. सोमा मात्र त्या दिवशी शहाण्यासारखा वागत होता. बॉल आला की लगेच मारी. पंचाहत्तर मिनिटं झाली, ऐंशी झाली.

“देवीला मिझोराम लांब पडलं,” निलेश म्हणाला.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला सोमानं बॉल खाली ठेवला. मागं गेला. पुढं आला. बॉल उचलून दुसरीकडं ठेवला. मग खाली बसून बुटाची नाडी सोडली आणि नवी साडी नेसावी इतक्या निगुतीनं बांधायला घेतली. पंच धावत आला, खिशात हात घातला. पिवळं!

मनस्वी एवढ्यानं ओरडली, की शेजारची माणसं काय झालं म्हणून आली.

रितेश अजून शपथेवर सांगतो, की सोमाला तो काही बोलला नव्हता. पण निलेशनं गाऱ्हाण्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता, आणि संघात एक कोल्हापूरचा पोरगा आहे, त्याला मराठी कळतं. तेव्हा हे देवीनं केलं की सोमानं, ते त्या दोघांनी आपसात बघून घ्यावं.

पण आमचा आनंद दोन दिवसच टिकला. रितेशचा फोन आला, आवाज पडलेला. कोच म्हणाला होता, की शेवटच्या सामन्याला काही किंमत नाही, तर तिसऱ्या नंबरच्या पोराला उतरवू, वीस वर्षांचा आहे, पुढं कामाला येईल.

“मग तू काय म्हणालास?” मी विचारलं.

“काय म्हणणार? तो कोच हाय.”

“अरे, सगळी वाडी ओरडली तुझ्यासाठी. रामा गुरवानं देवीला मिझोरामचा पत्ता दिलान. सोमानं चारचौघांत नाडी सोडलीन. आणि तू तोंड उघडून एक वाक्य बोलला नाहीस?”

“असं मागत नाय कुणी, आजी.”

“कोण मागत नाय? तूच मागत नाहीस. अकरा वर्षं तुझं आम्ही मागतोय. आता देवी येऊन कोचला सांगणार काय?”

त्यानं फोन ठेवला. मला वाटलं, जरा जास्तच बोलले. मनस्वी म्हणाली, “बरोबर बोललात. मी लग्नापासून सांगतेय.”

पुढचं मला नंतर कळलं. संध्याकाळी हा कोचच्या खोलीबाहेर गेला. अर्धा तास दारातच उभा. कोचच बाहेर आला, म्हणाला, काय रे? आणि आमच्या पोरानं आयुष्यात पहिल्यांदा मागितलं. म्हणाला, “सर, तो पोरगा अजून तीनशे सामने खेळेल. मला एक द्या. वाईट खेळलो तरी तुमचं काही जात नाही. नाही दिलात तर माझं जातं.”

कोचनं म्हणे त्याला आत घेतलं. मग म्हणाला, “तू मला आजवर विचारलं का नाहीस?”

शेवटचा सामना साडेतीनला सुरू झाला. मोबाइल पुन्हा खुंटीला. या वेळी अंगण भरलं होतं. मागच्यांना काही दिसत नव्हतं, पण ते पुढच्यांचं बघून ओरडत होते. रितेश पिवळ्याजर्द कपड्यांत, गोलाच्या दोन खांबांमध्ये तिसऱ्या खांबासारखा उभा.

पहिला बॉल आला एकोणिसाव्या मिनिटाला. समोरच्यानं कडकडून मारला. रितेश हललासुद्धा नाही. बॉल येऊन त्याच्या छातीवर आदळला. तो आधीच तिथं होता. दुसरा आला, तिथंही तो आधीच. मग एक कोपऱ्यातून वर गेलेला डोक्यानं आत घातला त्यांनी. तिथं देवही असता तरी पोचला नसता. आमच्याकडच्या एकानं तो फेडला. एक-एक.

दुसऱ्या अर्ध्यात त्यांचा एक जण एकटाच सुटून आला. समोर फक्त रितेश. त्यानं बॉल लांबच्या खांबाकडं वळवला, आणि मी बघितलं, पोरगा आडवा हवेत होता. अख्खा. बोटांची टोकं लागली, बॉल खांबाबाहेरून गेला. अंगणात एकच गिल्ला. मनस्वी माझ्या दंडाला धरून होती, तिची नखं रुतली.

आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला एक साधा, सरपटत आलेला, शाळेतलं पोरही अडवील असा बॉल त्याच्या दोन पायांमधून आत गेला.

दोन-एक. पंचानं जादा चार मिनिटं दिली, तीही संपली. शेवटची शिट्टी झाली. लोक चपला शोधायला लागले. निलेश उठून गोठ्याकडं गेला. गोठ्यात काही नव्हतं, गाय आम्ही केव्हाच विकली.

अर्ध्या तासानं फोन वाजला. मनस्वीनं माझ्या हातात दिला. मी मनात दोन समजुतीची वाक्यं जुळवून ठेवली होती.

“हरलो, आजी.”

“दिसलं.”

“माझ्यामुळं हरलो. दुसरा माझ्या चुकीनं गेला.”

“तेही दिसलं.”

“अगं, साफ माझी चूक! दुसऱ्या कुणाची नाय. गुडघा खाली टेकायला उशीर केला. सगळे मला शिव्या देतायत. सोमासुद्धा देतोय, ऐक, ऐकू येतंय?”

मागून कुणीतरी हसत हसत अगम्य भाषेत ओरडत होता. माझी समजुतीची वाक्यं मी गिळून टाकली. आपल्यामुळं सामना गेला, हे सांगताना इतका खूश झालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. अकरा वर्षांत त्याला चूक करायची पाळीच कुणी दिली नव्हती.

“नीट सांग,” मी म्हटलं. “पाय कुठं होता तुझा?”

तो सांगायला लागला. पाय कुठं होता, बॉल कुठून आला, गवत ओलं कसं होतं, कुणी त्याच्या नजरेच्या आड आलं, आणि तरीही तो कसा अडवता आला असता. मग पुन्हा पहिल्यापासून. मनस्वी फोन मागत होती. मी हातानंच तिला थांब म्हटलं.